एकशे चौदा नंबरची जाळी

पाकीट फोडायच्या आधीच रेणुका येमूलनं नंबर ओळखला. एकशे चौदा. सहा महिन्यांपूर्वी ते स्टिकर तिनं स्वतःच जाळीच्या कडेला चिकटवलं होतं, वडिलांच्या दुकानात, सीपीयूच्या डब्यासमोर गुडघे टेकून.

सोलापुरातलं धूळ तपासणी केंद्र सुरू होऊन तिसरं वर्ष चालू होतं. त्याआधी मागांच्या कारखान्यांत हवा मोजायची यंत्रं भिंतीवर लावायचे. कापसाच्या तंतूंनी ती महिनाभरात तुंबायची, नाहीतर कुणीतरी त्यांच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवायचं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की जिथं जिथं माग आहे, तिथं जवळपास एक कॉम्प्युटर आहेच. त्याचा पंखा दिवसभर समोरून हवा ओढतो. खुर्चीत बसलेला माणूस जी हवा छातीत घेतो, तीच हवा. सीपीयूच्या तोंडाशी ठरावीक विणीची जाळी बसवली, की माणसाच्या फुप्फुसात काय जातंय ते त्या जाळीवर आपोआप लिहिलं जातं. आणि ती जाळी कुणी झाकत नाही, कारण झाकली तर कॉम्प्युटर तापतो आणि अर्ध्या तासात बंद पडतो. नियम झाला. दर सहा महिन्यांनी जाळी केंद्रात जमा करायची आणि नवी घ्यायची.

केंद्रातलं यंत्र ती धूळ वाचायचं, आणि त्या यंत्रावर रेणुका बसायची. धूळ थरावर थर बसत जाते. लेसरचा किरण एकेक थर तासायचा, इतका पातळ की केसाच्या जाडीत असे शंभर मावावेत. तासलेल्या थराची वाफ व्हायची आणि त्या वाफेतला एकेक रेणू यंत्र वजन करून ओळखायचं. दिवाळीच्या थरात फटाक्यांतलं बेरियम सापडायचं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतल्या दारूकामाचं स्ट्रॉन्शियम. या दोन खुणांमुळं कुठला थर कुठल्या महिन्यातला ते कळायचं. मधे असायचे कापूस, रंग, बुरशी, मागाचं तेल.

आणि माणूस. माणसाची कातडी रोज बारीक पापुद्र्यांनी झडत असते, आपल्याला कळतही नाही. त्या पापुद्र्यांबरोबर अंगावरचं तेलही जाळीवर येतं. मागाचं तेल आणि अंगाचं तेल यांत यंत्राची गफलत व्हायची, म्हणून रेणुकाला प्रत्येक जाळीचं तेलाचं पान पडद्यावर उघडून अंगाचं तेल वजा करावं लागे. वजा केलं की ते पान कायमचं पुसायचं. छापायचं नाही, ठेवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. कामावर रुजू होताना तिनं तशी सही केली होती.

गेल्या वर्षी यंत्राचं सॉफ्टवेअर नवीन आलं, तेव्हा त्यात दवाखान्यांसाठी बनवलेली एक यादीही आली. कंपवात होणाऱ्या माणसाच्या अंगावरच्या तेलातल्या काही घटकांचं प्रमाण हात थरथरायला लागायच्या सात-आठ वर्षं आधीच बदलतं. तसं तेल सापडलं की पानाच्या कोपऱ्यात एक जांभळा ठिपका उमटायचा. ती यादी कुणी काढून टाकली नाही. वर्षभरात रेणुकाला असे अकरा ठिपके दिसले. कुणाचे ते तिला माहीत नव्हतं, फक्त दुकानांचे नंबर. अकराही वेळा तिनं नियमाप्रमाणं पान पुसलं आणि पुढची जाळी घेतली.

एकशे चौदाच्या कोपऱ्यात ठिपका होता.

त्या कॉम्प्युटरवर दोनच माणसं बसायची. सकाळी आठ ते एक तिचे वडील बालय्या, घरातले नाना, वय अडुसष्ट. दुपारी दोन ते आठ तिचा धाकटा भाऊ गोवर्धन, वय अडतीस. दोघं चादरींची डिझाइनं काढायचे. बालय्यांनी चाळीस वर्षांपूर्वी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं मोर काढायला सुरुवात केली होती. आता तोच मोर ते पडद्यावर काढत. सहा महिन्यांत दोघांपैकी एकानंही सुट्टी घेतली नव्हती. दोघांच्या अंगाचं तेल जाळीवर असं मिसळलं होतं की वेगळं काढणं अशक्य. माणसाची जनुकं वाचायचा भाग कायद्यानंच यंत्रातून काढलेला होता.

रेणुकानं पान पुसलं. पण चहाला उठली नाही.

एक औषध निघालं होतं, तेही तिला माहीत होतं. महिन्याला एकदा सलाईनमधून द्यायचं. हात थरथरायला लागल्यावर त्याचा काही उपयोग नव्हता. त्याआधी सुरू केलं तर दुखणं पंधरा-वीस वर्षं लांबत होतं.

रविवारी ती माहेरी गेली. दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं, आणि भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे माग खडखडत असायचे. तिनं पिशवीतून दोन जाळ्या काढल्या. एकीची कड पांढरी, एकीची काळी. दोन्हींच्या कडेला लोहचुंबक होतं, त्यामुळं डब्याला टच्चकन चिकटत आणि नखानं ओढली की निघत.

"केंद्राचा नवा नियम," ती म्हणाली. "सकाळच्या पाळीला पांढरी लावायची, दुपारच्या पाळीला काळी. काढलेली आपापल्या पाकिटात ठेवायची. दीड महिना, वाचण्याइतकी धूळ साठेपर्यंत."

"आता सीपीयूला पण शिफ्ट?" गोवर्धन हसला. "पगार कोण देणार त्याला, अक्का?"

"नियम हाय तर हाय," बालय्या म्हणाले. "तिच्या ऑफिसचं काम हाय. गप लाव."

दोघांना सांगून टाकावं आणि दवाखान्यात नेऊन तपासावं, हेही तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण मग दोघंही घाबरतील. एकाला विनाकारण कशाला घाबरवायचं? एक कोण ते कळलं की त्या एकालाच सांगू, असं तिनं ठरवलं. तेव्हा तिला ते शहाणपणाचं वाटलं.

त्या दिवशी ती जेवायला थांबली आणि सगळा वेळ हात बघत राहिली. बालय्यांच्या हातातली बशी कपाला लागून किणकिणली. झालं, ती मनात म्हणाली, नानाच. आणि तिला हायसं वाटलं. थोड्या वेळानं आतून गोवर्धनची बायको विजया ओरडली, "अहो, दूध करपलं की! वास पण येईना का तुम्हाला?" गोवर्धन स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसला होता. त्याला काही वास आला नव्हता. कंपवातात आधी वास जातो, हे रेणुकानं वाचलं होतं. त्याला सर्दी झाली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. सर्दी झालीय का, असं मात्र तिनं त्याला विचारलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रात एक बाई आली. पन्नाशीची, नीटनेटकी, घामाघूम. तिनं पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जाळी काढून टेबलावर ठेवली.

"मुलीचं लग्न ठरवायलोय," ती म्हणाली. "मुलगा मागाच्या कारखान्याच्या हापिसात असतो. त्याच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरची आहे. तुमच्याकडं आजार कळतात म्हणे यातनं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळे बोलायलेत की."

"त्याला विचारलंत?"

"विचारल्यावर कोण देईल? शिपायाला सांगून काढून घेतली."

रेणुकानं जाळी परत वर्तमानपत्रात गुंडाळली. "आम्ही हवेची धूळ वाचतो. माणसं वाचत नाही. घेऊन जा, आणि ज्याची आहे त्याला परत द्या."

बाई हलली नाही. "तुमच्या घरातलं कुणी असतं, तर तुम्ही वाचलं नसतं?"

रेणुकानं ती गुंडाळी टेबलावरून तिच्यापुढं सरकवली. बाईनं जाळी पर्समध्ये टाकली आणि निघून गेली. ड्रॉवरमधल्या दोन पाकिटांवर रेणुकाच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पांढरी, काळी. त्यांत घालायच्या जाळ्या अजून वडिलांच्या दुकानात होत्या.

चार आठवडे झाले आणि एका बुधवारी बालय्या भर दुपारी रिक्षानं तिच्या घरी आले. एकटे. ती रजेवर होती हे त्यांनी जावयाला फोन करून विचारून घेतलं होतं. पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी तीन दुकानांत विचारलं," ते म्हणाले. "पांढरी-काळी कुणाकडंच नाही. तुझा नियम आमच्याच दुकानाला हाय."

रेणुका पाण्याचा पेला उचलून आत निघाली.

"मी चाळीस वर्षं डिझाइन काढतोय, पोरी. सकाळचा धागा वेगळा, दुपारचा वेगळा, हे कुणी कशाला करतंय ते मला कळतंय. आमच्यातलं कोण बघायलीस तू. काय हाय?"

तिनं सांगितलं. ठिपका, औषध, दीड महिना, सगळं. ऐकताना बालय्यांनी दोन्ही तळहात समोर धरले आणि डोळे बारीक करून पाहिले. मग खाली ठेवले.

"कोण ते अजून कळलं नाही?"

"नाही. दोन आठवडे राहिलेत."

"मी असू दे, असं वाटतंय ना तुला?"

रेणुकाला रडू फुटलं. गेले चार आठवडे ती रोज तेच मागत होती, आणि मागितल्यावर रोज तिला स्वतःची शिसारी येत होती.

"रडू नको," बालय्या म्हणाले. "मी पण तेच म्हणायलोय." मग त्यांनी विचारलं, "गोवर्धनला सांगायचं का आता?"

"दोन आठवडेच आहेत, नाना. तुमचं निघालं तर त्याला उगीच..."

"व्हय," ते म्हणाले. "उगीच."

त्या एका शब्दावर दोघांनी गोवर्धनला बाहेर ठेवलं.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, यंत्राच्या खोलीत कुणी नसताना तिनं आदल्या दिवशी दुकानातून बदलून आणलेल्या दोन्ही जाळ्या लावल्या. पांढरी आधी. पान स्वच्छ निघालं. तिनं पुन्हा वाचली, परत स्वच्छ. काळी वाचून होईपर्यंत ती खुर्चीवर बसलीच नाही, यंत्राच्या कडेला हात टेकून उभी राहिली. जांभळा ठिपका पहिल्याच थरात आला आणि शेवटच्या थरापर्यंत राहिला.

संध्याकाळी ती दुकानात गेली. बालय्या तिथंच होते. तिच्या तोंडाकडं बघून ते उठले आणि दाराची कडी लावून आले. गोवर्धन पडद्यावर कमळाची पाकळी मोठी करून एकेक चौकट भरत होता.

"गोवर्धन, जरा इकडं बघ," रेणुका म्हणाली. "मी तुझ्याशी खोटं बोललेय."

तिनं आधी औषधाचं सांगितलं, मग दुखण्याचं. केंद्राच्या गच्चीवर तिनं मनात घोकलं होतं तसं काहीच बोलता आलं नाही. गोवर्धन ऐकत होता. त्याच्या हातातलं पेन कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर टेकून नकळत सरकत राहिलं, त्यामुळं पडद्यावर कमळाच्या मधोमध लाल ठिपक्यांची एक रांग उमटत गेली.

"नानाला कधी कळलं?" त्यानं पहिला प्रश्न हा विचारला.

"दोन आठवडे झाले," बालय्या म्हणाले.

"आणि तुला दीड महिना."

"आम्हाला वाटलं, उगीच दोघांना—" रेणुका म्हणू लागली.

"दवाखान्यात पाठीवरनं कापसाचा बोळा फिरवतात, अक्का. मी टीव्हीवर बघितलंय. दोघांना विचारलं असतंस तर एका दिवसात कळलं असतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "तू विचारलं नाहीस. माझ्या अंगावरचं गोळा करून नेलंस. आणि मी रोज दुपारी ती काळी जाळी स्वतःच्या हातानं लावायलो. नियम म्हणून."

"गोवर्धन, औषध सुरू केलं तर—"

"ते मी बघतो." त्यानं वाकून सीपीयूच्या तोंडावरची जाळी ओढून काढली. त्या दिवशीची धूळ तिच्यावर जेमतेम बसली होती. "ही माझी हाय," तो म्हणाला. जाळी शर्टाच्या खिशात घालून, कडी काढून तो बाहेर गेला.

विजयानं नंतर फोनवर सांगितलं, तो दुसऱ्याच दिवशी एकटा दवाखान्यात जाऊन आला. बोळ्याचा निकालही तोच आला. औषध घेणार का, हे मात्र तो कुणाला सांगेना. रेणुकाचा फोन तो उचलत नव्हता.

त्या शुक्रवारी रेणुकानं केंद्रप्रमुखांच्या टेबलावर दीड पानी कबुलीजबाब ठेवला. प्रमुख होत्या इनामदार मॅडम, बोलायला कमी आणि नियमाला पक्क्या. त्यांनी दोनदा वाचलं.

"हे तुम्ही दिलं नसतं तर मला कळलंही नसतं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच दिलं, मॅडम."

"जांभळा ठिपका म्हणजे काय? मला या यादीबद्दल कुणी सांगितलेलं नाही."

रेणुकानं यंत्र लावून दाखवलं. मॅडम पडद्याकडं बघत राहिल्या. "याआधी किती?"

"अकरा."

"त्यांचं काय केलं?"

"पुसले. नियम होता."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तीन जणांच्या समितीसमोर चौकशी झाली. ज्याची माहिती वाचली गेली त्याची तक्रार आहे का, हे विचारण्यासाठी गोवर्धनला बोलावलं होतं. बोलावण्याच्या पत्रात आधीच्या अकरा ठिपक्यांचाही उल्लेख होता. दुकानातल्या त्या संध्याकाळला दोन महिने होत आले होते; त्यानंतर रेणुका त्याला त्या दिवशी पहिल्यांदा बघत होती. इस्त्रीचा शर्ट घालून तो समोरच्या खुर्चीत बसला. तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही.

"तुमची बहीण आहे," समितीतल्या एका सदस्यानं समजुतीच्या सुरात म्हटलं. "हेतू चांगला होता, असं त्यांचं म्हणणं आहे. तुमची काही तक्रार नसेल तर तसं लिहून घेऊ."

"तक्रार हाय," गोवर्धन म्हणाला. "लिहून घ्या."

रेणुकानं मान खाली घातली.

"पहिली तक्रार. मला न विचारता माझं वाचलं. बहीण असली म्हणून काय झालं? तो माझा निर्णय होता." तो थांबला. लिहिणाऱ्याचं पेन थांबेपर्यंत थांबला. "दुसरी तक्रार तिच्यावर नाही, तुमच्यावर हाय. तुमच्या मशीननं अकरा जणांना ओळखलं आणि पुसून टाकलं. मला कळलं, कारण माझी बहीण त्या मशीनवर बसते. त्या अकरा जणांची बहीण इथं नव्हती. त्यांनी काय करायचं? त्यांचे हात थरथरायला लागतील तेव्हा त्यांना कळणार, आणि तेव्हा औषध लागू होणार नाही."

"पण आम्ही सांगायला गेलो असतो, तर तीही तुमचीच पहिली तक्रार झाली असती," समितीत बसलेल्या इनामदार मॅडम म्हणाल्या.

"मग विचारा ना आधी! जाळी जमा करताना फॉर्म भरतोच की आम्ही. मागांची संख्या लिहितो, पंख्यांची लिहितो. त्यात एक ओळ घाला. आजाराचं काही दिसलं तर मला सांगा, की सांगू नका. ज्याला नको तो नको लिहील. माझ्या शेजारचा नको लिहील, मला माहीत हाय. त्याचा हक्क हाय."

मग मॅडमनी रेणुकाला विचारलं, "अकरा नंबर आठवतात?"

तिनं कागद मागून घेतला आणि लिहायला बसली. चाळीस, सत्त्याहत्तर, दोनशे तीन. एकेक जाळी आठवत गेली: एकीला जांभळ्या रंगाची लव होती, एक कडेला फाटलेली होती. नऊ नंबर झाले. उरलेले दोन तिला काही केल्या आठवले नाहीत. ती अर्धा तास कागदासमोर बसून राहिली. शेवटी मॅडमनी तो कागद हळूच तिच्या हाताखालून काढून घेतला.

निकाल महिन्याभरात लागला. रेणुकाला एक वर्षासाठी यंत्रावरून काढून भांडारात नव्या जाळ्या मोजायला बसवलं. फॉर्ममध्ये एक ओळ वाढली. दोन नंबर आठवत नव्हते, म्हणून केंद्रानं सगळ्याच दुकानांना फॉर्म पाठवले, चारशेच्या वर, आणि जिथं दोन माणसं एका कॉम्प्युटरवर बसतात तिथं दोन वेगळ्या जाळ्या दिल्या. निम्म्याहून जास्त लोकांनी 'सांगा' लिहिलं. काहींनी 'सांगू नका'. बऱ्याच जणांनी ती ओळ कोरीच ठेवली, आणि त्या कोऱ्या ओळीचं काय करायचं यावर केंद्रात पुढं वर्षभर वाद चालू राहिला.

बालय्यांनी कोरी ठेवली नाही. त्यांनी 'सांगा' लिहिलं आणि खाली, जागा नसतानाही, बारीक अक्षरात लिहिलं: आधी मला, मग घरच्यांना.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी रेणुका भांडारात गठ्ठे मोजत होती, तेव्हा फोन वाजला. गोवर्धन.

"अक्का, शुक्रवारी सुट्टी काढ."

"का रे?"

"सलाईन चार तास चालतंय. पहिल्या वेळी विजया आली होती, तिला तिथं चक्कर आली. नानाला नेलं तर मलाच त्यांच्याकडं बघत बसावं लागंल."

"येते," ती म्हणाली. आणखी काही बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण त्यानं फोन ठेवला होता.

शुक्रवारी ते दोघं दवाखान्यात सकाळी साडेनऊला पोचले. रांग होती. बाकावर त्यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. गोवर्धननं एका गिऱ्हाईकानं नवीन चादरीत कमळ नको, नुसत्या रेषा पाहिजेत असं सांगितल्याची तक्रार केली. रेणुका म्हणाली, रेषा बऱ्या दिसतील. मग तो रेषा काढणं सोपं कसं नसतं ते समजावून सांगू लागला, आणि सांगता सांगता बाकावरची मोकळी जागा ओलांडून सरकला, कारण बोटानं बाकावर रेषा काढून दाखवायच्या होत्या.

नाव पुकारलं गेलं. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म पुढं ओढला. "पेशंटबरोबर कोण?"

"बहीण," गोवर्धन म्हणाला.

"तिला आजाराची माहिती आहे का? आहे, नाही, एकावर खूण करा."

गोवर्धननं पेन घेतलं, रेणुकाकडं एकदा बघितलं आणि खूण केली.

"हाय," तो कारकुनाला म्हणाला. "माझ्या आधीपासनं हाय."